प्रदूषण मंडळाची नोटीस आणि धान गिरणी: वाद कसा हाताळावा

पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात एखादी सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी उसना, म्हणजे उकड्या, तांदळाची गिरणी चालवते, तेव्हा तिचे लक्ष धानाची आवक, बारदाना आणि विजेचे बिल यांवर असते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाशी तिचा संबंध बहुधा संमतीपत्राच्या नूतनीकरणापुरताच येतो. मग एखाद्या दिवशी मंडळाचा अधिकारी येतो, नाल्याजवळून पाण्याचा नमुना घेतो आणि काही आठवड्यांनी संस्थेच्या हातात नोटीस पडते. अशा वेळी संचालक मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो तो ‘कोणाला भेटायचे?’ हा. आमदारांकडे जावे, तहसीलदारांना सांगावे की नागपूरला एखादा सल्लागार गाठावा, यावर चर्चा रंगते आणि उत्तराच्या मुदतीतले दिवस सरत जातात. तहसीलदारांचा या प्रकरणात निर्णयाचा अधिकारच नसतो. अशा संस्थेच्या मदतीला जो कोणी उभा राहील, मग तो वकील असो, पर्यावरण अभियंता असो किंवा गावातला जाणता कार्यकर्ता असो, त्याने आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हा कागद नेमका कोणता आहे?

हा प्रश्न महत्त्वाचा अशासाठी की मंडळाकडून येणारे कागद दिसायला सारखे असले तरी त्यांचे कायदेशीर वजन सारखे नसते. निरीक्षण अहवालात अधिकाऱ्याने काय पाहिले एवढेच नोंदलेले असते. कारणे दाखवा नोटीस किंवा प्रस्तावित निर्देश यांत मंडळ आपला कल सांगते आणि संस्थेचे म्हणणे मागते. येथे निर्णय झालेला नसतो. अंतिम निर्देश हा मात्र निर्णय असतो. जलप्रदूषण कायद्याच्या कलम 33अ खाली आणि वायुप्रदूषण कायद्याच्या कलम 31अ खाली मंडळ उद्योग बंद करण्याचा, तसेच त्याचा वीज व पाणीपुरवठा तोडण्याचा आदेश देऊ शकते. पहिल्या कागदाला अपील नसते, दुसऱ्याला उत्तर द्यायचे असते आणि तिसऱ्याविरुद्ध अपिलाची मुदत तो मिळाल्यापासून धावू लागते. कारणे दाखवा नोटिशीवर थेट उच्च न्यायालयात धाव घेणारी आणि अंतिम आदेशाला मात्र ‘विनंती अर्ज’ करत बसणारी संस्था दोन्हीकडे वेळ गमावते.

येथे एक व्यवहारातली अडचण सांगून ठेवतो. संमतीचे अर्ज आता ऑनलाइन भरले जातात आणि ते भरणारा सल्लागार अनेकदा स्वतःचाच ई-मेल आणि मोबाइल क्रमांक नोंदवतो. परिणामी मंडळाचा पत्रव्यवहार त्याच्याकडे जातो आणि गिरणीच्या व्यवस्थापकाला तो उशिरा कळतो. नोंदीतला संपर्क संस्थेचा स्वतःचा आहे की नाही, हे वाद नसतानाच तपासलेले बरे.

आता कायद्याची चौकट. 1974 चा जलप्रदूषण कायदा, 1981 चा वायुप्रदूषण कायदा आणि 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा हे तीन कायदे बहुतेक वादांच्या मुळाशी असतात. पहिल्या दोन कायद्यांनुसार उद्योग उभारण्याआधी एक संमती आणि चालवण्याआधी दुसरी संमती लागते. लाल, नारिंगी, हिरवा असे उद्योगांचे वर्ग प्रदूषणाच्या शक्यतेनुसार केलेले आहेत आणि संमतीपत्राची मुदत व अटी त्यावर अवलंबून असतात. गिरणीच्या कार्यालयात हे संमतीपत्र भिंतीवर चौकटीत लावलेले दिसते. त्याच्या मागच्या पानांवरच्या अटी मात्र फारच थोड्यांनी वाचलेल्या असतात. वाद त्या अटींवरूनच होतो. किती पाणी वापरायचे, सांडपाणी किती आणि कोठे सोडायचे, बॉयलरची चिमणी किती उंच हवी, तुसाच्या राखेचे काय करायचे, हे सर्व तेथे लिहिलेले असते.

सांडपाणी कोठे सोडायचे हा मुद्दा विशेष लक्ष देण्याजोगा आहे. उसना तांदूळ करताना धान भिजवलेले पाणी पिष्टमय असते, ते साठून राहिले की आंबते आणि त्याला उग्र वास येतो. अशा पाण्यातला सेंद्रिय भार जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीने, म्हणजे बीओडीने, मोजतात: पाण्यातले जिवाणू ही घाण कुजवताना किती ऑक्सिजन ओढून घेतील याचे ते माप आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांनुसार नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला बीओडीची मर्यादा लिटरमागे 30 मिलिग्रॅम आहे, तर सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्याला ती 100 मिलिग्रॅम आहे. संमतीपत्रात याहून कडक आकडा असेल तर तोच पाळावा लागतो. आता एखाद्या गिरणीला आपल्याच जमिनीवर सिंचनासाठी पाणी सोडण्याची संमती आहे आणि अहवालात बीओडी 80 आला आहे असे समजू. पाणी खरोखर जमिनीवर जात असेल तर ती सर्वसाधारण मर्यादेत आहे; तेच पाणी बांध फोडून नाल्यात जात असेल तर ती मर्यादेच्या अडीच पटींहून वर आहे. म्हणजे वाद प्रयोगशाळेतल्या आकड्याचा नसून नमुना कोठे घेतला याचा असतो, आणि नोटिशीला उत्तर देणाऱ्याने सर्वांत आधी तीच ओळ शोधली पाहिजे.

नमुना घेण्याची पद्धत जलप्रदूषण कायद्याच्या कलम 21 मध्ये सविस्तर दिली आहे. नमुना विश्लेषणासाठी घेत आहोत अशी सूचना अधिकाऱ्याने तेथल्या तेथे द्यायची असते. नमुन्याचे दोन भाग करून, प्रत्येक भाग स्वतंत्र डब्यात सीलबंद करून त्यावर अधिकारी आणि उद्योगाचा प्रतिनिधी या दोघांच्या सह्या घ्यायच्या असतात. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेत जातो. दुसरा भाग उद्योगाने मागणी केल्यास राज्य शासनाने निश्चित केलेल्या वेगळ्या प्रयोगशाळेत पाठवला जातो. मात्र हजर असलेल्या प्रतिनिधीने दोन भागांची मागणीच केली नाही, तर एकाच डब्यात नमुना घेऊन तो पाठवण्याची मुभा त्याच कलमात आहे. ही पद्धत पाळली गेली नसेल तर त्या विश्लेषणाचा निष्कर्ष न्यायालयीन कार्यवाहीत पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही, असेही कलम सांगते.

ग्रामीण भागातल्या गिरणीत अधिकारी येतो तेव्हा व्यवस्थापक खरेदी केंद्रावर गेलेला असतो आणि गेटवरचा चौकीदार किंवा बॉयलरवरचा कामगार मुकाट्याने सही करून देतो. दुसऱ्या भागाची मागणी करायची असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. शेताच्या बांधाच्या वादात मोजणीचा नकाशा जे काम करतो, तेच काम येथे नमुन्याच्या पावतीचा कागद करतो. तो एकदा चुकीचा झाला की पुढची सगळी भाषणे त्याच्याशी झगडण्यात जातात. म्हणून मदतनीसाने प्रत्येक पाळीत एका कामगाराला एवढेच शिकवून ठेवावे: नमुन्याची जागा, वेळ आणि त्या वेळी गिरणी चालू होती की बंद हे कागदावर लिहून घ्यायचे, दोन भागांची मागणी लेखी करायची आणि प्रत मागायची. अधिकाऱ्याशी हुज्जत घालण्याची गरज नाही. त्याला आत येण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे आणि त्याला अडवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

पण येथे एक मोह होतो. नमुन्याच्या पद्धतीतली चूक सापडली की काही सल्लागार सगळे उत्तर त्या एका चुकीवर उभे करतात. माझ्या मते हे धोक्याचे आहे. मंडळ पुन्हा येऊन नीट पद्धतीने दुसरा नमुना घेऊ शकते आणि नाल्यातले पाणी तेव्हाही तसेच असेल, तर पहिल्या विजयाचा काही उपयोग उरत नाही. पद्धतीचा आक्षेप नोंदवावा जरूर. मात्र त्याच उत्तरात सुधारणेचे काम कोठवर आले आहे हेही सांगावे.

उत्तरासाठी किती दिवस मिळतात? 1986 च्या पर्यावरण संरक्षण नियमांत, प्रस्तावित निर्देशांवर हरकत घेण्यासाठी किमान 15 दिवसांची मुदत सांगितली आहे. पर्यावरणाला गंभीर इजा होण्याचा धोका असेल तर कारणे लेखी नोंदवून ही संधी न देताही निर्देश काढता येतात. प्रत्यक्षात आपल्या नोटिशीत जी मुदत लिहिली आहे तीच धरून चालावे. ती अपुरी असेल तर वाढ मागणारे पत्र मुदत संपण्याआधी द्यावे आणि पोच घ्यावी. चांगल्या उत्तरात नोटिशीतल्या प्रत्येक मुद्द्याला त्याच क्रमाने उत्तर असते. जे खरे आहे ते मान्य केलेले असते, जे खरे नाही त्याला कागदाचा आधार दिलेला असतो आणि दुरुस्तीच्या प्रत्येक कामापुढे तारीख लिहिलेली असते. ‘आम्ही पर्यावरणाबाबत सदैव जागरूक आहोत’ अशा वाक्यांनी सुरू होणारी दोन पानी उत्तरे सर्वत्र फिरतात. त्यांत तारीख नसते, म्हणून ती वाचणाऱ्या अधिकाऱ्याला फाइलवर काय लिहावे हे कळत नाही. उत्तराच्या शेवटी समक्ष सुनावणीची मागणी स्पष्ट शब्दांत करावी.

तारखांवर एवढा भर देण्याचे कारण पैशांत दडलेले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पर्यावरणीय भरपाई मोजण्यासाठी एक सूत्र दिले आहे. त्यात पाच गोष्टींचा गुणाकार असतो: उद्योगाच्या वर्गानुसार प्रदूषण निर्देशांक, जो लाल वर्गाला 80, नारिंगीला 50 आणि हिरव्याला 30 धरतात, उल्लंघनाचे दिवस, 100 ते 500 रुपयांमधला एक दर, जो सर्वसाधारणपणे 250 घ्यावा असे सुचवले आहे, उद्योगाचा आकार, ज्यात सूक्ष्म व लघु उद्योगाला 0.5, मध्यमाला 1 आणि मोठ्याला 1.5 असा गुणक आहे, आणि जवळच्या वस्तीच्या लोकसंख्येनुसार ठिकाणाचा गुणक, जो दहा लाखांखालच्या लोकसंख्येला 1 आहे. भरपाई दिवसाला किमान 5,000 रुपये असावी असेही त्यात म्हटले आहे. समजा, आपली गिरणी नारिंगी वर्गातली लघु उद्योग आहे आणि ती तालुक्याच्या गावाजवळ आहे. मग दिवसाचा आकडा 50 गुणिले 250 गुणिले 0.5, म्हणजे 6,250 रुपये येतो. हिरव्या वर्गातल्या तशाच गिरणीचा आकडा 3,750 निघतो, पण किमान मर्यादेमुळे तिलाही 5,000 च लागतात.

या सूत्रातले निर्देशांक, आकार आणि ठिकाण संस्थेच्या हातात नसतात. हातात असतात ते फक्त दिवस. आणि दिवस कसे मोजतात? उल्लंघन आढळल्या तारखेपासून, मंडळाने पूर्ततेची पडताळणी केल्या तारखेपर्यंत. दुरुस्ती झाली त्या तारखेपर्यंत नव्हे! गिरणीचा नमुना 1 डिसेंबरला नापास झाला, 20 डिसेंबरपर्यंत नवी टाकी बांधून पाणी मर्यादेत आले, पण मंडळाला कोणी कळवले नाही आणि अधिकारी 10 मार्चला आला, असे धरा. 20 डिसेंबरला पडताळणी झाली असती तर 19 दिवसांचे 1,18,750 रुपये झाले असते. 10 मार्चपर्यंत 99 दिवसांचे 6,18,750 होतात. मधले पाच लाख रुपये प्रदूषणाचे नाहीत, न लिहिलेल्या पत्राचे आहेत. म्हणून दुरुस्ती पूर्ण झाली त्याच दिवशी छायाचित्रे, कामाची बिले आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल जोडून ‘पडताळणीसाठी यावे’ असे पत्र उपप्रादेशिक कार्यालयाला द्यावे, त्याची प्रत नागपूर, अमरावती किंवा चंद्रपूर यांपैकी जे प्रादेशिक कार्यालय लागू असेल तेथे द्यावी आणि अधिकारी न आल्यास स्मरणपत्र पाठवत राहावे. पुढे वाद अपिलात गेलाच, तर ही पत्रे दिवस कमी धरण्याच्या मागणीला आधार देतात.

भरपाई आकारण्याचा अधिकार मंडळाला आहे का, हा प्रश्न बरीच वर्षे न्यायालयांत घोळत होता. 4 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कलम 33अ आणि 31अ खाली राज्य मंडळांना भरपाईच्या स्वरूपाची रक्कम आकारता येते. मात्र त्याची तत्त्वे आणि कार्यपद्धती, नैसर्गिक न्यायाच्या गरजांसह, आधी नियमांत उतरवली पाहिजे. त्यामुळे भरपाईची मागणी आल्यास ती कोणत्या नियमाखाली आहे, दिवस कोठून कोठपर्यंत मोजले आणि सुनावणी कधी दिली, हे तीन प्रश्न लेखी विचारणे संस्थेचा हक्क आहे. याखेरीज दंडाची वेगळी वाट आहे. 2023 च्या जनविश्वास कायद्याने वायुप्रदूषण आणि पर्यावरण संरक्षण कायद्यांतल्या अनेक उल्लंघनांसाठीची कैदेची शिक्षा काढून तेथे 10,000 ते 15 लाख रुपयांचा दंड आणला आणि तो ठरवण्यासाठी न्यायनिर्णय अधिकाऱ्याची तरतूद केली. भरपाई आणि दंड या दोन रकमा एकच समजू नयेत.

अपिलाच्या वाटा दोन आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. संमती नाकारली किंवा तिच्यात जाचक अट घातली, तर 30 दिवसांत राज्य शासनाने नेमलेल्या अपिलीय प्राधिकरणाकडे जावे लागते. बंदीचे किंवा वीज तोडण्याचे निर्देश कलम 33अ खाली आले असतील तर अपील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीच्या खास न्यायाधिकरणाकडे, होते. विदर्भासाठी पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. तेथेही मुदत 30 दिवसांचीच आहे आणि पुरेसे कारण असल्यास आणखी 60 दिवसांपर्यंत ती वाढवून मिळू शकते, त्यापुढे नाही. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध 90 दिवसांत सर्वोच्च न्यायालयात जाता येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार बंद नाही. हरित न्यायाधिकरणामुळे उच्च न्यायालयाचा रिट अधिकार संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले आहे. तरी कायद्यात अपिलाची सोय असताना ती टाळून आलेल्याला खंडपीठ बहुधा तिकडेच पाठवते. मध्यस्थीने मिटवू, असेही अनेकांना वाटते. परंतु 2023 च्या मध्यस्थी कायद्याने हरित न्यायाधिकरणाच्या कक्षेतले विषय आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहेत, आणि ते समजण्यासारखे आहे: गिरणी आणि मंडळ यांचे एकमत झाले तरी नाल्याखालच्या बांधीतला, म्हणजे धानाच्या खाचरातला, शेतकरी त्या खोलीत बसलेला नसतो.

तो शेतकरी वादातला तिसरा पक्ष आहे आणि त्याला विसरणारा मदतनीस आपल्या संस्थेचे नुकसान करतो. हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यानुसार प्रदूषणाने नुकसान झालेला कोणीही वाद उद्भवल्यापासून सहा महिन्यांत दाद मागू शकतो आणि भरपाईसाठी त्याला पाच वर्षांचा अवधी आहे. हे न्यायाधिकरण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या चौकटीत बांधलेले नाही. प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसावा आणि धोका दिसताच खबरदारी घ्यावी ही तत्त्वे त्याने लावावीत, असे कायद्यातच लिहिले आहे. म्हणून गावच्या ग्रामपंचायतीत तक्रार आली असेल तर मंडळाच्या नोटिशीला उत्तर देण्याआधी संस्थेने त्या तक्रारदाराच्या बांधीवर जाऊन पाणी पाहावे. धानाचे रोप पिवळे पडण्याची कारणे अनेक असतात, हे खरे. पण कोणते कारण आहे हे गिरणीच्या कचेरीत बसून ठरत नाही.

सगळे वाद मंडळाशीच होतात असे नाही. विदर्भात वनविभागाशी होणारे वाद कदाचित अधिक जुने आणि अधिक गुंतागुंतीचे आहेत. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या झुडपी जंगलाच्या नोंदीच्या जमिनीवर शाळा, दवाखाने, ग्रामपंचायतीची कार्यालये उभी आहेत. 22 मे 2025 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वन म्हणूनच धरली. मात्र 12 डिसेंबर 1996 पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे एकवेळची मंजुरी मागावी आणि त्यासाठी पर्यायी वनीकरण वा जमिनीच्या निव्वळ वर्तमान मूल्याची, म्हणजे वनजमिनीच्या बदल्यात भरायच्या रकमेची, अट लावू नये, अशी वाट दिली. अशा जागेवरच्या संस्थेला पर्यावरणशास्त्रज्ञापेक्षा जुना वाटपाचा आदेश शोधून देणारा माणूस अधिक उपयोगी पडतो, कारण सगळा भार त्या आदेशाच्या तारखेवर आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेचा बांबूचा वादही असाच कागदावर सुटला. 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकडाखेरीजच्या वनउत्पादनात, मोडतो आणि गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला होता, तरी वाहतूक परवान्याचे पुस्तक वनविभागाच्या हातात होते. ते एप्रिल 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेकडे आले. मालकीचा प्रश्न कायद्याने आधीच सोडवलेला होता, अडले होते ते परवाना कोणी द्यायचा यावर.

पुन्हा गिरणीकडे येऊ. बंदीचा आदेश झालाच आणि तो दिवाळीनंतर, नव्या धानाच्या हंगामात आला, तर संस्थेपुढे अपील आणि पुन्हा सुरू करण्याचा अर्ज असे दोन्ही मार्ग उघडे असतात आणि ते एकाच वेळी चालवता येतात. मंडळ अनेकदा अटी घालून, बँक हमी घेऊन गिरणी सुरू करू देते. ठरलेली कामे ठरल्या तारखेला झाली नाहीत तर ती हमी जप्त होते. म्हणून हंगामाच्या घाईत शक्य नसलेली तारीख लिहून देऊ नये. टाकीच्या काँक्रीटला लागणारा वेळ, यंत्र पुरवणाऱ्याची तारीख आणि सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू स्थिरावण्यासाठी लागणारे आठवडे धरूनच हमीपत्रावर सही करावी. पुन्हा सुरू करण्याचा आदेश निघाल्यावरही महावितरणच्या कार्यालयात तो पोहोचेपर्यंत वीज जोडली जात नाही. त्याची प्रत पोस्टाने येण्याची वाट न पाहता संस्थेच्या माणसाने ती स्वतः नेऊन द्यावी आणि पोच घेऊन फाइलला लावावी.